लाश्कोमधला शनिवार

"पाकीट माझ्या पिशवीत ठेवू का सर? किती वेळ हातात धरून बसणार?"

"राहू दे. जड नाहीये ते," पाथ्रीकर सर म्हणाले, आणि मांडीवरचं तपकिरी पाकीट त्यांनी खिडकीच्या बाजूला सरकवलं. माझ्यापासून लांब.

चेल्ये शहरातून सुटलेली ती छोटी गाडी नदीच्या कडेकडेने चालली होती. साविन्या नदी, हिरवट पाणी, दोन्ही बाजूंना झाडांनी भरलेले डोंगर. समोरच्या बाकावर मायदाबाई बसल्या होत्या. त्या आमच्या गेस्ट हाऊसच्या मालकिणीची बहीण, शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका. शनिवारी आम्हाला सुट्टी आहे कळल्यावर "माझं गाव बघायला चला" म्हणून त्याच मागे लागल्या होत्या. निदान मला तरी तसं सांगण्यात आलं होतं.

मी पाकिटाचा अंदाज घेत होते. वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढं, ताठ, वर नाव-पत्ता काही नाही. गाव बघायला जाणारा माणूस कॅमेरा घेतो, फार तर छत्री घेतो.

ही गोष्ट जून सत्त्याण्णवची. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि वाळूजच्या एका बियर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काम करत होते. जालन्याला आमच्या घरी "मुलगी औषधाच्या कंपनीत आहे" असं सांगितलं जायचं. भालचंद्र पाथ्रीकर हे आमचे प्रमुख चवपारखी. माल्टपासून, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या जवापासून, भरलेल्या बाटलीपर्यंत त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय काही पुढे सरकायचं नाही. मला त्यांनीच घडवलं. ग्लास पुढे करायचे आणि म्हणायचे, "काय येतंय, सांग." मी सांगायचे. पहिली चार वर्षं ते लगेच चूक काढायचे. अलीकडे नुसती मान डोलवायचे, म्हणजे आपली आता तयारी झाली, असं मला वाटायचं.

हॉप्स विकणाऱ्या एका परदेशी कंपनीने आम्हा दोघांना दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला स्लोव्हेनियाला बोलावलं. हॉप्स म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणारी सुकवलेली हिरवी फुलं. त्या खोऱ्यात त्यांचे मळेच मळे आहेत. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या डायरेक्टर कारखानीस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"टेकाळेबाई, फेब्रुवारीत हॉप्सचा लॉट खराब निघाला तो कुणी पास केला होता?"

"पाथ्रीकर सरांनी. मी रजेवर होते, बहिणीचं लग्न होतं."

"तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला सडका माल कळला नाही, हे तुम्हाला पटतं?"

मला पटत नव्हतं. जुन्या हॉप्सना न धुतलेल्या पायमोज्यांसारखा वास येतो. तो शिपायालाही कळतो.

"त्यांना या देशातून पत्रं येतात," साहेब म्हणाले. "कारखान्यात नाही, घरच्या पत्त्यावर. त्यांच्या सोसायटीत आपला एक माणूस राहतो. तिथं ते कुणाला भेटतात, काय देतात, काय घेतात, एवढंच बघायचं. फोन मला करायचा, माझ्या घरी."

मी नाही म्हणाले नाही. नकार का दिला नाही, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

पहिल्या पाच दिवसांत सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. शुक्रवारी मात्र सरांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ते सुटकेसमधल्या शर्टांखालून हे पाकीट काढत होते. मला बघताच त्यांनी वर टॉवेल टाकला. संध्याकाळी मी साहेबांना फोन केला. "उद्या ते एक पाकीट घेऊन लाश्कोला जाणार आहेत," मी म्हणाले. "शाबास," ते म्हणाले.

लाश्को दहा-पंधरा मिनिटांत आलं. स्टेशनाबाहेर पडलो तसा वासाचा एक लोटच अंगावर आला. रस्त्याच्या कडेची लिंडनची झाडं फुलली होती, आणि त्या मधासारख्या वासाखाली दुसरा एक, आमच्या ओळखीचा, शिजणाऱ्या माल्टचा, काकवीच्या जवळ जाणारा. गावाला बियर करण्याची पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे, मायदाबाई सांगत होत्या. जुलैत इथं बियरचा आणि फुलांचा उत्सव भरतो, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

"काय येतंय, सांग," सर नेहमीप्रमाणे म्हणाले.

"फुलांचा, सर. आणि माल्ट. थोडा करपल्यासारखा."

"बरोबर," ते म्हणाले, आणि घड्याळात बघितलं.

ते दर पाच मिनिटांनी घड्याळात बघत होते. आम्ही पुलावर थांबलो. खाली पाण्यात दोन माणसं गुडघाभर उभी राहून मासे धरत होती. पलीकडच्या काठावर गरम पाण्याच्या झऱ्यांचं आरोग्यधाम होतं. म्हातारी माणसं पांढरे झगे घालून बागेत फिरत होती. मायदाबाई डोंगरावरच्या ताबोर नावाच्या किल्ल्याकडे बोट दाखवून माहिती देत होत्या. सर हो हो करत होते, पण त्यांचं लक्ष गावाकडे होतं, घरांच्या नंबरांकडे.

सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये शिरलो. आत गार होतं, मेणबत्त्या जळत होत्या. मायदाबाई वेदीपाशी गुडघे टेकून बसल्या. मी छताकडे बघत होते. मान खाली केली तेव्हा सर शेजारी नव्हते.

मी बाहेर धावले. ते चर्चमागच्या चढाच्या गल्लीत होते, पाकीट छातीशी धरलेलं. मी अंतर ठेवून मागे गेले. एका पिवळ्या घराची त्यांनी बेल वाजवली. दार एका उंच, पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याने उघडलं. अंगात घरातला स्वेटर, पायांत सपाता. त्याने सरांशी हात मिळवला, पाकीट घेतलं, सरांना आत घेतलं आणि गल्लीत डावी-उजवीकडे बघून दार लावलं. तो खरंच कुणी बघतंय का ते बघत होता का, हे आज मी शपथेवर सांगू शकणार नाही. तेव्हा माझी खात्री होती.

मी घराचा नंबर तळहातावर पेनने लिहिला आणि चर्चमध्ये परत आले.

"तुमचे सर कुठे गेले?" मायदाबाईंनी विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला कसं माहीत असणार?" त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा लाल झाला. शिक्षकांना खोटं बोलता येत नाही, असं नाही. या बाईंना येत नव्हतं.

म्हणजे याही त्यात आहेत, मी मनाशी नोंद केली.

सर पाऊण तासाने आले. "पोस्टकार्डं बघत होतो," म्हणाले. हातात ना पाकीट होतं, ना पोस्टकार्ड. चेहरा उतरलेला होता. सौदा फिसकटला असावा, असं मला वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

किल्ल्यावर जायचं सरांनी नको म्हटलं. मग मायदाबाई आम्हाला नदीकाठच्या एका खानावळीत घेऊन गेल्या. बाहेर अंगणात टेबलं, वर मोठ्या छत्र्या. मी सावलीत बसले. सरांची खुर्ची छत्रीबाहेर होती. गावची बियर आली, उंच पारदर्शक ग्लासांतून. सरांनी ग्लासला हातही लावला नाही. ते नदीकडे बघत राहिले. मायदाबाई त्यांच्या शाळेबद्दल, मग युगोस्लाव्हिया मोडला त्या उन्हाळ्याबद्दल बोलल्या. अर्धा तास तरी गेला असेल. तेवढा वेळ सरांचा ग्लास भर उन्हात होता.

बियरला ऊन चालत नाही. ग्लास उन्हात राहिला की थोड्याच वेळात बियर बिघडते आणि चिचुंद्री गेल्यासारखा वास मारायला लागते. वाळूजच्या आमच्या प्रयोगशाळेत खिडकीला काळा पडदा सरांनीच लावून घेतला होता. एकदा मी नमुन्याचा ग्लास दोन मिनिटं खिडकीत विसरले होते, तर दुसऱ्या दिवशीपर्यंत ते माझ्याशी बोलले नव्हते.

सरांनी ग्लास उचलला. टेबलापलीकडे मला वास आला. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, दोन मोठे घोट घेतले.

"सुरेख," ते म्हणाले. "हॉप्सचा वास बघ कसा वर येतोय."

आधी वाटलं, त्यांचं लक्ष नाही. त्यांनी तिसरा घोट घेतला. मग फेब्रुवारीचा लॉट आठवला आणि माझी रजा आठवली. गेल्या दीड वर्षात सरांनी माझी एकही चूक काढली नव्हती, हे आठवलं.

"सर," मी म्हणाले, "तुमच्या बियरला ऊन लागलंय."

त्यांचा हात थांबला. "हो," ते म्हणाले. "तेच म्हणतोय मी. आता जाणवतंय थोडं."

"दुसरी मागवू या."

दुसरा ग्लास आला. वेटरने तो माझ्यासमोर सावलीत ठेवला. मी हुंगला. ताजा होता, स्वच्छ, गवत आणि लिंबाच्या सालीसारखा. मला तिथंच थांबता आलं असतं.

"सर, हाही गेलेला आहे," मी म्हणाले आणि ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "चिचुंद्रीचा वास येतोय. बघा ना."

त्यांनी ग्लास घेतला. हुंगला. बराच वेळ हुंगला.

"हो," ते म्हणाले. "आहे थोडा. परत करायला हवा."

आमचं बोलणं मराठीत चाललं होतं. मायदाबाईंना एवढंच कळलं की बियरबद्दल काही तक्रार आहे. आपल्या गावची बियर म्हणून त्यांना लागलं असावं. त्यांनी ग्लास ओढून घेतला, हुंगला, घोटही घेतला.

"यात काही बिघाड नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "अगदी ताजी आहे ही."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते उठले, नॅपकिनने ओठ पुसले, खुर्ची नीट आत सरकवली आणि नदीकडे चालत गेले.

"काय केलंत तुम्ही?" मायदाबाईंनी विचारलं. त्या आवाजावरून त्यांनी शाळेत किती मुलांना उभं केलं असेल ते कळत होतं.

"तो पिवळ्या घरातला माणूस कोण आहे?"

"डॉक्टर होर्वात. कान-नाक-घशाचे. निवृत्त झालेत. तुमच्या सरांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, सांगायचं नाही म्हणून."

मी नदीकाठी गेले तेव्हा सर एका दगडी बाकावर बसले होते. मी उभीच राहिले.

"कधीपासून, सर?"

"पंच्याण्णवच्या दिवाळीपासून. ताप आला होता बघ, पंधरा दिवस कामावर नव्हतो. ताप उतरला, वास गेला. आधी वाटलं, सर्दी आहे. मग औरंगाबादला दाखवलं, पुण्याला दाखवलं. हॉप्सवाल्यांच्या एका जुन्या माणसाने या डॉक्टरांचं नाव दिलं. वाइनच्या, बियरच्या चवपारख्यांवर त्यांनी आयुष्यभर काम केलंय. वर्षभर पत्रव्यवहार चालला होता. डोक्याच्या स्कॅनच्या फिल्म्स बघितल्याशिवाय काही सांगणार नाही म्हणाले."

"मग आज काय म्हणाले?"

"नस मेलीय म्हणाले. चहा दिला. चांगला माणूस आहे."

पाण्यावरून दोन बदकं गेली. सर त्यांच्याकडे बघत होते.

"म्हणजे दीड वर्ष तुम्ही मला विचारत होतात ते..."

"तुझं नाक वापरत होतो. तू कधी चुकली नाहीस. तू रजेवर गेलीस तेव्हा मी चुकलो." मग त्यांनी विचारलं, "तळहातावर काय लिहिलंयस?"

मी मूठ मिटली.

"गल्लीत तुला बघितलं मी. डॉक्टरांच्या खिडकीत आरसा होता. कारखानिसांनी पाठवलंय?"

मी सगळं सांगितलं. केबिन, दार, खराब लॉट, शुक्रवारचा फोन. ते ऐकत राहिले. मध्ये एकदाच हसल्यासारखं केलं, त्यांच्या सोसायटीतल्या माणसाचा उल्लेख आला तेव्हा.

"मंजूषा," ते म्हणाले, "डिसेंबरात मला तीस वर्षं पूर्ण होतात, निवृत्तीचे सगळे पैसे मिळतील. तेव्हा मी स्वतः सांगेन आणि बाजूला होईन. तोवर हे तुझ्यापाशी ठेव. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

आम्ही गाडीने चेल्येला परतलो. मायदाबाई स्टेशनवर माझ्याशी हात न मिळवता गेल्या.

सोमवारी दुपारी साहेबांचाच फोन आला, गेस्ट हाऊसवर.

"पाकीट कुणाला दिलं?"

"काही विशेष नव्हतं साहेब. ओळखीचे एक गृहस्थ होते."

"नाव?"

मी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"टेकाळेबाई, आपल्या प्रोसेसचे दोन तक्ते कपाटात सापडत नाहीयेत. आता त्या पाकिटात काय होतं हे कुणीही सांगेल. मी वकिलांशी बोललोय. शुक्रवारी विमान उतरेल तेव्हा पोलीस असतील. तुम्ही बघितलेलं तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

"त्यात तक्ते नव्हते, साहेब."

"तुम्हाला काय माहीत? उघडून बघितलंत?"

व्हरांड्यातून बाहेरची बाग दिसत होती. सर खुर्चीवर बसून पोस्टकार्ड लिहीत होते, घरी पाठवायला. मुंबईच्या विमानतळावर दोन हवालदारांच्या मध्ये ते कसे दिसतील, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. छप्पन्न वर्षांचा माणूस. चोर म्हणून.

"साहेब, सर चोर नाहीत," मी म्हणाले. "त्यांना वास येत नाही. दीड वर्ष झालं. पाकिटात डोक्याच्या फिल्म्स होत्या, ते डॉक्टरकडे गेले होते. म्हणून तो लॉट पास झाला. त्यांनी कुणाकडून काही घेतलेलं नाही, मी लिहून देते."

"बरं झालं सांगितलंत," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजातला राग पार गेला होता. मला वाटलं, मी सरांना वाचवलं.

विमानतळावर पोलीस नव्हते. कारखान्याची गाडी होती, ड्रायव्हरने सरांची सुटकेस उचलून घेतली. पुढच्या आठवड्यात सरांना कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणीला पाठवलं. डॉक्टरांनी डोळ्यांवर पट्टी बांधून दहा बाटल्या नाकाखाली धरल्या. तीन आठवड्यांनी पत्र आलं: प्रकृतीच्या कारणास्तव, कामास अपात्र. हरवलेल्या तक्त्यांचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. ते खरंच हरवले होते का, हे मी साहेबांना विचारलं नाही, आणि पुढे ज्यांच्याकडून कळलं असतं तेही निवृत्त होऊन गेले.

सरांची खुर्ची मला मिळाली. मी त्या खुर्चीवर एकोणीस वर्षं बसले. सर परभणीला गेले, तिथल्या एका ज्युनियर कॉलेजात तासाच्या हिशेबाने रसायनशास्त्र शिकवायचे. दोन हजार नऊ साली वारले. मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नीने चहा दिला आणि मी कोण हे विचारलं नाही, म्हणजे त्यांना माहीत होतं.

सरांचा कारखान्यातला शेवटचा दिवस शनिवारच होता. साडेपाचला ते प्रयोगशाळेच्या चाव्या द्यायला आले. कोणती चावी कशाची, ते एकेक करून समजावून सांगितलं. मी त्यांच्याबरोबर स्कूटर स्टँडपर्यंत गेले. तिथं मला राहवलं नाही.

"सर, ते तुमच्यावर चोरीचा आळ घेणार होते. पोलीस बोलावणार होते. मी दिलेला शब्द मोडला, पण तुम्हाला चोर म्हणवून घेऊ देणं मला जमलं नाही."

ते हेल्मेटचा पट्टा लावत होते.

"आळ घेऊ द्यायचा होता," ते म्हणाले. "चोरी त्यांना सिद्ध करावी लागली असती. ती झालीच नव्हती, तर कुठून करणार? सहा महिने चौकशी चालली असती. डिसेंबर उजाडला असता."

मला हे सुचलं नव्हतं. त्या व्हरांड्यात, हातात फोन असताना, हे एकदाही सुचलं नव्हतं.

"कारखानिसांकडे काहीच नव्हतं, मंजूषा," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. पूर्वी माझी चूक दाखवायचे तोच आवाज होता. "जे होतं ते फक्त तुझ्याकडे होतं."

त्यांनी किक मारली. पहिल्या किकला स्कूटर चालू झाली नाही. त्यांनी ती थोडी वाकडी केली, सरळ केली, दुसरी किक मारली. मग गेटवरच्या वॉचमनला हात केला आणि ते बाहेर पडले.

मी वर जाऊन दिवसाच्या शेवटच्या नमुन्यावर सही केली. सही कुणाच्या नावाखाली करायची, ते त्या कागदावर आधीच बदललेलं होतं.